त्रेचाळीस नातेवाईक, दोन विषारी

आमच्या महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत वाळवलेल्या झाडांची एक खोली आहे. बारा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि एक मी. झाडं कागदांवर शिवलेली असतात, कागद कपाटांत असतात आणि कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. मला सगळे मावशी म्हणतात. प्राचार्य म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, एकदा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला सुतारही म्हणाला. मी कुणाचीच मावशी नाही, पण बत्तीस वर्षांत हा मुद्दा काढायला सवड झाली नाही.

शेवाळ नावाची नवी विद्यार्थिनी पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा कुणीतरी मागून मला "मावशी" अशी हाक मारली आणि ही पोरगी दचकून स्वतःचे कपडे झटकू लागली. आधी पुढून, मग मागून. मला राग आला. माझ्याकडे बघून कुणी नाक मुरडलं तर चालतं, पण कपडे झटकणं हे जरा जास्तच झालं.

"काय गं, काय लागलंय?"

"काही नाही. सवय आहे," ती म्हणाली.

तिचं घर पाणथळीत होतं. बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथून होडीनं दीड तास. आईवडील लव्हाळे कापून चटया विणायचे. जवळपास दुसरं घर नव्हतं. ती वसतिगृहात आली तेव्हा तिच्या एकुलत्या एका बुटाला हिरवा डाग होता. दुसरा बूट वाटेत चिखलात राहिला होता. मुलींनी त्याच दिवशी तिचं नाव शेवाळ ठेवलं. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. शेवाळ फार कामाचं असतं, त्याखाली मासे अंडी घालतात, असं तिनं मुलींना समजावून सांगितलं. त्यानंतर दोन आठवडे तिच्याशी कुणी बोललं नाही.

आमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. झाडं गोळा करायची, ओळखायची, वाळवायची, कागदावर लावायची आणि जपायची. ऐकायला सोपं वाटतं. मी आजवर शेकडो मुलं पाहिली, त्यांतली निम्मी पहिल्या आठवड्यात हिरवं झाड टिपकागदात घालून, वर वजन ठेवून सिनेमाला जायची. आल्यावर बुरशी. टिपकागद रोज बदलावा लागतो हे त्यांना सांगून माझ्या घशाला कोरड पडली. शेवाळला मी एकदाच सांगितलं. ती सकाळ-संध्याकाळ कागद बदलायची. पान दुमडलं असेल तर ते नखानं न उचलता फुंकर मारून सरळ करायची. मी तिचं कौतुक केलं नाही, कारण कौतुक केलं की माणसं सैल पडतात. फक्त माझी चांगली कात्री तिला वापरू दिली. ज्यांना मी माहीत आहे त्यांना यात काय ते कळलं.

तिची एक गोष्ट मला तिच्याकडूनच समजली, तीही झाड शिवता शिवता. सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा शाळेत गेली. होडीनं. गुरुजींनी सगळ्यांना विचारलं, तुम्हाला नातेवाईक किती? कुणी नऊ सांगितले, कुणी पंधरा. ही म्हणाली, "त्रेचाळीस. त्यांतले दोन विषारी आहेत." गुरुजी म्हणाले, दोन म्हणजे फार नाहीत, आणि पुढच्या मुलाकडे वळले.

झालं होतं असं की तिच्या घरी झाडांनाच नात्यांची नावं होती. कपड्यांना चिकटणाऱ्या बियांचं झाड म्हणजे मावशी. एकदा आली की जाता जात नाही. पाण्याखालची लांब दोऱ्यांसारखी वनस्पती, जिच्यात वल्हं अडकतं, ती थोरली काकू. हात लागला की दोन दिवस आग होते ती आत्या. उंच, ताठ, वर तपकिरी कणीस आणि फोडलं की आत नुसता कापूस, ते मोठे मामा. वारा येईल तिकडे वाकणारे धाकटे मामा. पाण्याच्या मधोमध फुलणारी, दिसायला देखणी आणि हाताला कधी न लागणारी, लांबची वहिनी. चुरगळल्याशिवाय जिचा वास येत नाही ती आजी. दोन विषारी होते ते दोन्ही वडिलांच्या बाजूचे.

माणसांनाही मावशी आणि आत्या म्हणतात, हे तिला शाळेत कळलं. पण झाडांची ही नावं जगभर चालतात याबद्दल तिला कधी शंका आली नाही. यायचं कारणही नव्हतं. आई तीच नावं घ्यायची, वडील घ्यायचे, आणि होडीवाला घ्यायचा. तिच्या जगात एवढीच मोठी माणसं होती आणि तिघांचंही एकमत होतं.

आता परीक्षेबद्दल सांगते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या भागातल्या चव्वेचाळीस झाडांचा संग्रह द्यायचा. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. तिच्यावर शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख. जो पहिला येईल त्याला आमच्या खोलीत सहायकाची जागा मिळणार होती. शेवाळला ती जागा हवी होती. एवढी हवी होती की तिनं रिकामं असलेलं पाचवं कपाट आतून पुसून ठेवलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. आणि नापास झाली तर परत लव्हाळे कापायला जायचं, कारण वसतिगृहात तिसरं वर्ष कुणालाच मिळत नाही.

तिचा संग्रह मी पाहिला होता. आमच्या सरांनीही पाहिला होता, पण सर फक्त शास्त्रीय नावं वाचतात. मी चिठ्ठीवर "स्थानिक नाव: आत्या" असं वाचलं आणि मनात म्हटलं, असेल. चूक माझी आहे. बत्तीस वर्षं कागद सांभाळून मी एक चिठ्ठी नीट वाचली नाही.

बाहेरून आलेले परीक्षक बारीक, शांत गृहस्थ होते. चष्मा पुसायचे आणि मग बोलायचे. त्यांनी शेवाळचे कागद एकेक करून पाहिले. विसाव्या कागदापर्यंत त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी त्यांना चहा सांगितला. मग त्यांनी स्थानिक नावं वाचायला सुरुवात केली. चहा आला तो तसाच राहिला.

"ही चेष्टा आहे का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"नाही सर."

"या झाडाला आत्या म्हणतात?"

"हो सर."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

परीक्षकांनी नियमांची पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की स्थानिक नावाला गोळा करणाऱ्याच्या घराबाहेरचा एक तरी माणूस साक्षीला हवा, नाहीतर ती माहिती बनावट धरावी. बनावट माहिती म्हणजे पूर्ण संग्रह बाद. हे पान आजवर कुणी उघडलं नव्हतं. मला तर ती जाहिरात वाटायची.

"मी चार दिवस इथं आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारपर्यंत माणूस आणा. आणि हा शेवटचा, चव्वेचाळिसावा कागद. याच्यावर स्थानिक नाव का नाही?"

"त्याला नाव नाही सर. मी आईला खूपदा विचारलंय. ती विषय बदलते."

त्यांनी चष्मा पुसला आणि तो कागद वेगळा काढून ठेवला.

मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. एकटी गेली असती तर लाजेनं परत आली नसती, आणि मग माझी कात्री कुणाच्या हातात गेली असती कोण जाणे.

होडीवाला साठीचा होता. जातायेता चटया घेऊन जाणारा तोच, शेवाळला शाळेत नेणाराही तोच. निघाल्यावर दहा मिनिटांत तो स्वतःशीच म्हणाला, "आज काकूला वळसा घालावा लागणार, फार पसरलीय." मी शेवाळकडे पाहिलं. आमचं काम झालं होतं. घराबाहेरचा माणूस समोर वल्हं मारत बसला होता.

"काका, परवा आमच्याबरोबर याल का?" मी विचारलं आणि सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नावं वहिनींची आहेत. त्यांनी ठेवलीत. त्या म्हणाल्या तर येईन."

"कुठल्या वहिनींची?" शेवाळनं विचारलं.

"तुझ्या आईची."

पुढचा पाऊण तास ती होडीच्या कडेला हात टाकून बसली होती आणि हाताखालून तिचे सगळे नातेवाईक एकेक करून मागे जात होते.

घर म्हणजे खांबांवर उभी एक खोली. खाली पाणी, वर लव्हाळ्यांच्या पेंढ्या. वडील कापणीला गेले होते. आई जमिनीवर बसून चटई विणत होती. हात थांबवून तिनं आमच्याकडे पाहिलं आणि परत विणायला लागली. बोटं चिरलेली, पण वेग असा की मी बघत राहिले.

शेवाळनं सरळच विचारलं. "आई, नावं तू ठेवलीस?"

"मग कुणी ठेवायची?"

"मला वाटलं, असतातच."

"असतात कुठली. इथं आले तेव्हा सगळंच नुसतं हिरवं होतं." एक ओळ विणून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या लग्नानंतर घरच्यांनी दार लावून घेतलं. कुणी येईना. मग चेहरे विसरायला लागले. मोठ्या मामांचं नाक कसं होतं ते एक दिवस आठवेना. तेव्हा ठरवलं."

माझी सवय आहे, मी कुठंही चार प्रश्न विचारते. तिथं मी तिच्या हाताशी लव्हाळे सरकवत राहिले.

शेवाळनं परीक्षेचं सांगितलं. आई ऐकत होती तोवर हात चालू होते. संग्रहाचा उल्लेख आला तेव्हा थांबले.

"कागदावर लावलंस? कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

"आजीला?"

"हो."

"चिकटवलंस?"

"नाही. डिंकानं पान काळं पडतं. दोऱ्यानं शिवलंय."

"माझ्या आईला सुई टोचलीस," ती म्हणाली.

शेवाळ रडली नाही, पण तिचा चेहरा असा झाला की रडली असती तर बरं वाटलं असतं. मी मध्ये पडले. मला मध्ये पडायला कुणी सांगितलेलं नसतं, तेच माझं काम आहे.

"बाई, सुई पानात घालत नाहीत. देठावरून दोरा नेतात. पाच टाके, तेही सैल. मी स्वतः तपासलेत. खोली कोरडी आहे. कसर लागत नाही, लागली तर मी लागू देत नाही. शंभर वर्षं टिकेल."

"शंभर?"

"माझ्याकडे एकशे वीस वर्षांचं एक गवत आहे. काल काढलंय असं वाटतं."

ती खालच्या पाण्याकडे बघत होती. "इथं दर वर्षी पाणी चढतं. सगळं कुजतं. मी नव्यानं शोधते. गेल्या वर्षी आजी सापडायला तीन महिने लागले."

मला वाटलं, झालं, मानली. पण ती म्हणाली, "घरातली माणसं आहेत. परक्यांच्या टेबलावर मांडायची नाहीत. होडीवाल्या भाऊजींना मी पाठवणार नाही." आणि चटईची कड दुमडायला घेतली.

शेवाळ तिला विनवू शकली असती. मी डोळ्यांनी खुणावलंही. ती म्हणाली, "बरं." मग आईच्या शेजारी बसून दुसऱ्या बाजूनं कड दुमडू लागली. दोघींची बोटं अगदी सारखी चालतात. मला चहा कुणी विचारला नाही. मी स्वतःच केला.

येताना तिनं मला सांगितलं, "मी परीक्षकांना खरं सांगेन. नावं आईची आहेत, दुसरं कुणी साक्ष देणार नाही."

"बाद करतील."

"हो."

"होडीवाला तर म्हणतो ना ती नावं."

"आई नको म्हणाली, मावशी."

मी तिला मूर्ख म्हटलं. बसमध्ये तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा समोरच्या बाकावरचा माणूस मागे वळून पाहू लागला, कारण तोवर रडत मी होते आणि ती माझी पिशवी धरून बसली होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता परीक्षक आले. लांब टेबलावर चव्वेचाळीस कागद मांडलेले. शेवाळ उभी राहिली आणि तिनं खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. दारात होडीवाला होता, स्वच्छ सदरा घातलेला, आणि त्याच्यामागे तिची आई. बावीस वर्षांत ती पहिल्यांदा पाणथळ सोडून आली होती. चप्पल हातात होती. दारात ती घालायची की काढायची हे तिला ठरवता येत नव्हतं.

"खोली कोरडी आहे का ते बघायला आले," ती मला म्हणाली.

मी तिला आत घेतलं. तिनं कपाटाच्या पत्र्यावर हात फिरवला, बोट बघितलं, कोपऱ्यात वाकून वास घेतला. परीक्षक थांबून राहिले. मला ते गृहस्थ आवडायला लागले ते तिथून. मग ती टेबलापाशी गेली आणि एका टोकापासून चालत निघाली. प्रत्येक कागदापुढं थोडी थांबायची. आजीपाशी जास्त थांबली. वाकून पाच टाके मोजले.

"विचारा भाऊजींना," ती म्हणाली.

परीक्षकांनी चिठ्ठ्या झाकल्या. होडीवाला सांगत गेला. "ही मावशी. हे मोठे मामा. ही थोरली काकू. साहेब, हिच्यामुळं माझी तीन वल्ही गेलीत. ही आत्या, हिला मी हात लावणार नाही." वाळलेली आहे, आता काही करणार नाही, असं परीक्षक म्हणाले. "तुम्ही आत्याला ओळखत नाही," तो म्हणाला. परीक्षकांनी विचारलं, आणखी कोण म्हणतं ही नावं? मासे धरणारे म्हणतात, त्यानं सांगितलं, पलीकडच्या काठावरचे गवतवाले म्हणतात. वाट सांगायची तर दुसरं काय सांगणार? मामांच्या डावीकडून जा, वहिनी दिसली की वळ. आईला हे माहीत नव्हतं. तिनं होडीवाल्याकडे असं पाहिलं की तो घाईनं पुढच्या कागदाकडे सरकला.

त्रेचाळीस झाले. परीक्षक प्रत्येकावर खूण करत गेले आणि चव्वेचाळिसाव्या कागदापाशी थांबले. पाण्यावर तरंगणारी वनस्पती, केसांसारखी बारीक, एक पिवळं फूल. स्थानिक नावापुढं रिकामं.

"याला नाव नाही म्हणता?"

शेवाळ म्हणाली, "नाही सर."

होडीवाला छताकडे बघू लागला. परीक्षकांच्या ते लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"आहे साहेब. पाण्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. पोरीसमोर घ्यायचं नाही अशी वहिनींची मला ताकीद आहे."

खोलीत सगळे आईकडे बघायला लागले. तिनं चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

"लेक," ती म्हणाली.

शेवाळनं विचारलं, "कधी ठेवलंस?"

"तू शाळेत गेलीस त्या दिवशी. होडीत बसलीस आणि एकदाही मागं पाहिलं नाहीस. मी फळीवर उभी होते, खाली ही तरंगत होती." ती कागदाकडे बघून बोलत होती. "हिला मूळच नसतं. पाणी चढलं की जाते. तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, मी जा म्हणतेय. किंवा जाऊ नको म्हणतेय. मला दोन्ही म्हणायचं नव्हतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग स्वतःचं पेन शेवाळपुढं केलं.

"लिहा," ते म्हणाले.

तिचं अक्षर आमच्या खोलीतलं सगळ्यात चांगलं आहे. तो एक शब्द मात्र तिनं असा लिहिला की पहिलीतलं पोर लाजेल. परीक्षकांनी त्याच्यापुढं खूण केली, खाली सही केली आणि संग्रह माझ्याकडे सरकवून म्हणाले, पाचव्या कपाटात ठेवा, रिकामं दिसतंय.

मी कागद उचलायला गेले तर चव्वेचाळिसाव्याच्या कडेवर पाण्याचे दोन थेंब पडलेले, आणि तिसरा शेवाळच्या हनुवटीवरून पडायच्या बेतात होता. संग्रहाच्या खोलीत ओल आणू नये, असा नियम मीच मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावलेला आहे. त्या दिवशी मी तो वाचून दाखवला नाही.